दुसरा शास्त्रपाठ

‘संस्थेने आजवर आपल्या एकाही सेवकाला सेवेतून दूर केलेले नाही.’

हे वाक्य विद्यापीठाच्या नव्या इमारतीत, लिफ्टशेजारच्या भिंतीवर आहे. संस्थेचा सगळा इतिहास तिथे काचेवर उतरवला आहे. दाढीवाले संस्थापक साहेब, त्यांची पहिली शाळा, मग कॉलेज, मग स्वायत्तता आणि आता विद्यापीठ. लिफ्टची वाट बघत मी ते वाचलं आणि इतक्या मोठ्यानं हसले की दाराजवळचा वॉचमन उठून उभा राहिला.

वाक्यात एक अक्षर खोटं नाही, हीच त्यातली खुबी. आमच्या कॉलेजात माणसाला काढत नसत. संस्थापक दिनाला दुसरा शास्त्रपाठ वाचायला बोलावत.

ज्यांचं बालपण मिशनच्या कंपाउंडात गेलं नाही, त्यांना हे समजावून सांगायला हवं. जानेवारीत, संक्रांत उलटली की चॅपेलमध्ये संस्थापक दिनाची उपासना होई. पहिला शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, प्राचार्य वाचत. दुसरा वाचायचा मान नोकरवर्गातल्या कुणातरी एकाला मिळे. मग तो प्राध्यापक असो, लायब्ररीतला असो की ऑफिसातला कारकून. त्याच्या कोटाला पांढरी शेवंती लावत. उपासना संपली की बिशपसाहेबांच्या शेजारी उभं करून त्याचा फोटो काढत. व्हरांड्यात बिशपसाहेबांच्या टेबलावर त्याला चहा मिळे. आणि ईस्टरच्या आत तो माणूस प्रकृतीचं कारण देऊन आपण होऊन राजीनामा देई. जूनमध्ये कॉलेज उघडे तेव्हा त्याच्या क्वार्टरच्या खिडक्यांना दुसऱ्याच कुणाचे पडदे लागलेले असत. आमचं कॉलेज सोडून गेलेली सगळी माणसं कागदोपत्री आजारी होती. इतकी आजारी माणसं पदरी असलेल्या संस्थेनं खरं म्हणजे दवाखाना काढायला हवा होता.

म्हणे ही रीत मूळची साहेब लोकांची. बोटीनं मायदेशी परत निघालेल्या मिशनऱ्याला शेवटच्या रविवारी पाठ वाचायला देत, निरोप म्हणून. मंडळी रडत, रुमाल हलवत, गाणी म्हणत. पुढे साहेब गेले. त्यांचे बंगले आपल्या लोकांच्या हाती आले, काटे-चमचे आले, व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्या आल्या आणि ही रीतही आली. आपल्या लोकांनी फक्त तिचा क्रम उलटा केला. साहेब जायचा म्हणून वाचायचा. आमचे वाचायचे म्हणून जायचे.

तर परवा कुलसचिवांचा फोन आला. आवाजावरून पोरगेला वाटला. “मॅडम, आम्ही जुन्या स्मरणिका चाळत होतो. दर वर्षी एका सेवकाला शास्त्रपाठाचा मान द्यायची काय सुंदर परंपरा होती आपल्याकडे! ती आम्ही यंदा पुन्हा सुरू करतोय. वाचणाऱ्याचा सराव तुमचे वडील घ्यायचे असं कळलं. तुम्ही स्वतः शाळेत शिकवलंय, वक्तृत्वाच्या स्पर्धा बसवल्यात. यंदाचा सराव तुम्ही घ्याल का?”

“वाचणार कोण आहे?” मी विचारलं.

“आपले जुने प्राचार्य, पारधे सर. आता खूप थकलेत. पण त्यांच्या हयातीत त्यांचा सन्मान व्हावा असं सगळ्यांचं म्हणणं आहे.”

मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच की तो बिचारा पुढची दोन विनवणीची वाक्यं तशीच मनात घेऊन बसला असेल.

लिफ्टनं वर जायच्या आधी मी मागच्या बाजूला गेले. काचेच्या इमारतीच्या पाठीशी चॅपेल अजून उभं आहे. कुलूप नव्हतं. आत शिरले आणि तो वास आला. विझलेल्या मेणबत्तीचा, बाकांना लावलेल्या अळशीच्या तेलाचा आणि काथ्याच्या ओलसर चटयांचा. बाहेर सदर भागातल्या रस्त्यावर हॉर्न वाजत होते, आत काहीच बदललं नव्हतं. वाचनपीठ त्याच जागी होतं, सागवानाचं. पुढच्या कडेला लाकूड गुळगुळीत होऊन आत खचलेलं आहे. वाचणारे तिथे दोन्ही हात धरत. बरेच जण फार घट्ट धरत.

माझे बाबा कॉलेजचे ऑफिस सुपरिंटेंडेंट होते. त्यांना सगळे गायकवाडबाबू म्हणत. प्राचार्यांनी नाव ठरवायचं, बिशपसाहेबांनी मान हलवायची आणि बाबांनी त्या माणसाकडे निरोप घेऊन जायचं, असा कारभार होता. निरोपानंतर सराव. शास्त्रपाठ बाबांसारखा वाचणारं तेव्हा सदरच्या एकाही चर्चमध्ये नव्हतं. त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण ते वाचायला लागले की पाठीमागच्या बाकावरच्या पोरांच्या खोड्या आपोआप थांबत.

सराव आमच्या घरी व्हायचा. कंपाउंडाच्या टोकाला, विहिरीजवळ आमचं कवेलूच्या छपराचं क्वार्टर. संध्याकाळी अंगणात पाणी तापत असायचं, जाळात संत्र्याच्या साली टाकलेल्या असायच्या, डास जावेत म्हणून. त्या वासात मफलर गुंडाळलेला एक माणूस फाटक उघडून यायचा. ओशाळा आणि थोडा खूषही. आई आतून बशी आणायची. बशीत नाताळच्या करंज्या. जानेवारी अर्धा सरलेला, म्हणजे त्या डब्याच्या अगदी तळाच्या, खोबऱ्याला जुनाट वास सुटलेल्या. चांगल्या करंज्या आई अशा माणसांवर खर्च करत नसे. ती जूननंतर दिसणार नाहीत हे तिलाही ठाऊक असायचं.

“हळू वाचा,” बाबा सांगत. “घाई नाही करायची. पूर्णविरामाला थांबा. श्वास घ्या. ऐकणाऱ्यालाही घेऊ द्या.”

तो माणूस हळू वाचायचा. पूर्णविरामाला थांबायचा. दाराआड आम्ही पोरं तोंडावर हात दाबून उभी असायचो.

रसायनशास्त्राचे मेश्राम सर आले होते ते मला चांगले आठवतात. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली इथेच दीक्षा घेतली होती. सरांच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर होती आणि तसबिरीखाली परीक्षानळ्यांचा स्टँड. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, खालीवर करून पाहिलं आणि ते हसले.

“गायकवाडबाबू, मी बौद्ध माणूस. मले काहून?”

“मानाचं काम आहे, सर,” बाबा म्हणाले.

हे बाबांचं ठरलेलं वाक्य होतं. प्रत्येकाला ते हेच सांगत, याच आवाजात, मान किंचित खाली घालून. मेश्राम सरांना ते पुरलं. दुसऱ्याचं असलं तरी ते शास्त्र आहे, चूक व्हायला नको, म्हणून ते रोज आले. एकेक शब्द त्यांनी घोटून घोटून बसवला. संस्थापक दिनाला त्यांनी इतकं मन लावून वाचलं की बिशपसाहेबांनी डोळे पुसले. मग बाहेर येऊन त्यांच्याबरोबर चहा घेतला. मार्चमध्ये मेश्राम सरांची प्रकृती बिघडली. सरांना कळलं तोवर सगळ्यांना कळलेलं होतं. सामानाचा ट्रक निघाला तेव्हा परीक्षानळ्यांचा स्टँड त्यांनी मांडीवर घेतला होता.

आम्हा क्वार्टरच्या पोरांचा तर खेळच होता. लपाछपीत, लंगडीत, कशातही जो बाद होई त्याला आम्ही विहिरीच्या कट्ट्यावर उभं करायचो. त्याच्या सदऱ्याला कसलंही फूल खोचायचो, बाभळीचं, झेंडूचं, मिळेल ते. तो हातात कौलाचा तुकडा धरून वाचल्यासारखं करायचा आणि बाकीची पोट्टी खालून ओरडायची, “तब्येत पाहा गा तुमची!” मोठी माणसं हसायची नाहीत, पण थांबवायचीही नाहीत. मुलांचे खेळ मुलं आभाळातून आणत नाहीत.

कॉलेजवर तेव्हा पारधेसाहेबांचं राज्य होतं. उंच, नीटस, स्वच्छ मराठी बोलणारे. ते मूळचे रामटेककडचे, पण त्यांच्या तोंडून एकही शब्द त्या मातीतला येत नसे. सकाळच्या घंटेला ते चॅपेलच्या पायरीवर उभे राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावानं हाक मारून, घरच्यांची चौकशी करत. त्यांच्यावर प्रेम करणारी माणसं पुष्कळ होती. मीही करायची. त्यांच्या कोटाच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या असत, त्यातली एक मला न मागता मिळे.

आणि मग तो हिवाळा आला. संक्रांतीचे तीळगूळ वाटून झाले, चॅपेलच्या बाकांना तेल लावून झालं, शेवंतीच्या टोपल्या यायला लागल्या, पण आमच्या फाटकाशी कुणी येईना. आईनं करंज्यांचा डबा दोनदा उघडून पाहिला.

“यंदा कोन येऊन राहिलं सरावाले?” तिनं विचारलं.

“कोणी नाही,” बाबा म्हणाले.

“मंग यंदा कोनाले नाही बोलावलं काय? बरं झालं वं माय. एक वरीस तरी सुटलं कोनीतरी.”

बाबांनी चहा संपवला, बशी पालथी घातली, फडताळातून शास्त्र काढलं आणि ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. ज्या खुर्चीवर वाचणारा बसायचा त्या खुर्चीवर. त्यांची स्वतःची खुर्ची समोर रिकामी होती. थोड्या वेळानं वाचण्याचा आवाज यायला लागला. मी दाराआड माझ्या नेहमीच्या जागी उभी राहिले. यंदा माझ्याशेजारी दुसरं कुणी नव्हतं.

बाबा वाचत होते आणि मधेच थांबून म्हणत होते, “हळू वाचा.” पुन्हा वाचत होते. “पूर्णविरामाला थांबा. श्वास घ्या.” मग खरोखरच थांबत होते. श्वास घेत होते. मी आईकडे पाहिलं. ती करंज्यांचा डबा हातात धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, ते नुसतं तिथे राहून गेलं होतं.

का, ते विचारू नका. तेव्हा चर्चमध्ये दोन गट होते, त्यांची जमिनीवरून कोर्टात भांडणं होती, कुणीतरी कुणाचं माणूस होतं. बाबा कुणाचे होते की नव्हते, ते मला आजवर नीट कळलेलं नाही आणि आता कळून घ्यायचंही नाही. कारणं त्या लोकांसाठी असतात ज्यांची क्वार्टरं शाबूत राहतात.

मला फक्त त्या आठवड्यातली एक संध्याकाळ आठवते, आईनं बाबांच्या समोर बसून, पदर कमरेला खोचून सांगितलं ती.

“वाचा तुमी. खुशाल वाचा. पन राजीनामा लिहू नका.”

बाबांनी हातातलं शास्त्र मिटलं.

“मी काय म्हणून राहिली, आयकता का? त्यांच्यात कोनाले काढाची हिंमत नाही. आजवर एकाले तरी काढलं काय? सारे आपल्या हातानं लिहून गेले. तुमी लिहू नका. काढाचं असन तर काढू द्या त्यांले, कागदावर, सही करून. पोरीची शाळा आहे, घर आहे. काहून सोडाचं आपन?”

तिचं म्हणणं बरोबर होतं. त्या सगळ्या रीतीत एवढीच एक फट होती आणि ती फट कॉलेजभरात माझ्या आईला दिसली. बाबांनी राजीनामा लिहिला नाही तर पारधेसाहेबांना स्वतःच्या हातानं लिहावं लागलं असतं. त्यांच्या नीटस हस्ताक्षरात.

बाबांनी मान वर करून आईकडे पाहिलं. मला वाटलं, ते मानतील. देवाशपथ वाटलं. मी चौकटीला धरून उभी होते, आता घर राहणार या आनंदात.

“तशी रीत नाही आपली,” बाबा म्हणाले. “इतक्या लोकांले मी सांगितलं, मानाचं काम आहे म्हणून. आता माहीच पाळी आली तर मी मागं सरू काय?”

“त्यांले सांगितलं ते खोटंच होतं ना?”

“म्हणूनच,” बाबा म्हणाले.

आई उठून स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी तिनं डब्यातल्या उरलेल्या करंज्या बशीत घेतल्या आणि सरावाला बसलेल्या बाबांच्या पुढे नेऊन ठेवल्या. बाबांनी दोन खाल्ल्या. खोबऱ्याचा वास त्यांना आला असणारच. माझ्या आयुष्यात मी एवढी निर्दय गोष्ट दुसरी पाहिली नाही, आणि ती माझ्या आईनं केली, जिचा माझ्या बाबांवर जीव होता.

संस्थापक दिनाला ऊन छान पडलं होतं. पारधेसाहेबांनी पहिला पाठ वाचला. मग बाबा उठले. त्यांनी वाचनपीठाची कड धरली नाही, हात मोकळे ठेवले. त्या दिवशी त्यांनी असं वाचलं की बाहेर घाईनं चाललेली माणसंसुद्धा आत येऊन बसावीत. प्रत्येक पूर्णविरामाला चॅपेल श्वास घेत होतं. कुणाचं अंग हललं नाही. माझ्या पुढच्या बाकावरच्या बाईनं शेजारणीच्या कानात म्हटलं, “किती सुंदर वाचून राहिले, नाही वं?” आणि दोघी हुंदके द्यायला लागल्या. पुढच्या महिन्यात त्यांतली एक आमच्या क्वार्टरची मोजमापं घ्यायला आली, पडद्यांसाठी.

कोटावरच्या शेवंतीसकट फोटो काढला. बिशपसाहेबांच्या टेबलावर बाबांनी चहा घेतला. पारधेसाहेबांनी माझ्या गालाला हात लावला आणि लिमलेटची गोळी दिली. मी ती खाल्ली. दुसऱ्या दिवशी लंगडीत कुणी बाद व्हायच्या आधीच पोट्ट्यांनी मला विहिरीच्या कट्ट्यावर उभं केलं.

राजीनामा बाबांनीच लिहिला. मजकूर ठरलेलाच होता, इतरांना तोच लिहून देत आले होते ते. ‘प्रकृती साथ देत नसल्यामुळे.’ ते लिहिताना त्यांनी शाईचा पेन दोनदा झटकला, बाकी काही नाही.

आम्ही खापरखेड्याला गेलो. मामा तिथल्या वीज केंद्रात होते, त्यांच्या ओळखीनं बाबांना एका ठेकेदाराकडे हिशेबाचं काम मिळालं. तिथे कोळशाची राख पडायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर, ताकावर, पापण्यांवर. आई संध्याकाळी चादरी झटकायची आणि सकाळी पुन्हा झटकायची. कूलरच्या वाळ्यालासुद्धा राखेचा वास यायचा. लिंबोणीचं एक झाड आईनं लावलं होतं, त्याची पानं कधी हिरवी दिसलीच नाहीत. बाबांच्या छातीत ती राख उतरली. म्हणजे अखेर त्यांची प्रकृती साथ देईनाशी झाली. त्यांनी कधी खोटं लिहिलं नव्हतं, असं म्हणायला हरकत नाही.

कॉलनीत एक लहान चर्च होतं, पत्र्याचं. तिथल्या पाळकानं एकदा प्रेमानं म्हटलं, “बाबू, तुमचं वाचन लय ऐकलं आहे. येत्या रविवारी पाठ तुमी वाचा.” बाबा घरी आले, कपडे न बदलता खाटेवर बसले आणि आईला म्हणाले, “सामान बांधावं लागन.” आईनं किती समजावलं, की हे चर्च साधं आहे, इथे तसं काही नसतं. त्या रविवारपासून ते चर्चला गेलेच नाहीत. मोठ्यानं वाचणंही त्यांनी सोडलं. वर्तमानपत्र ओठ न हलवता वाचत. शेवटी आजारात मी त्यांच्या उशाशी शास्त्र घेऊन बसले तेव्हा त्यांनी हातानं खूण करून ते बंद करायला लावलं. मी माझ्या बाबांचा आवाज शेवटचा ऐकला तो त्या चॅपेलमध्ये. नंतर जे बोलत होते ते दुसरेच कुणीतरी होते.

असो. आता चॅपेलमधून निघून मी वरच्या मजल्यावर गेले. कुलसचिव खरंच पोरगेला निघाला, गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी, बोलायला गोड. त्यानं स्वतः मला पारधेसाहेबांच्या बंगल्यापर्यंत सोडलं. निवृत्तीनंतरही संस्थेनं त्यांना कंपाउंडातला तो जुना बंगला राहायला दिला आहे, हयातभर. बंगल्याच्या भोवती जमिनीवर चुन्याच्या रेघा ओढलेल्या होत्या. ताज्या.

“हे काय?” मी विचारलं.

“पार्किंगचं, मॅडम. गाड्या फार झाल्यात. ईस्टरनंतर काम सुरू करू.”

“आणि सर?”

“त्यांची अगदी उत्तम व्यवस्था केलीय. ट्रस्टचा वृद्धाश्रम आहे ना, खापरखेड्याच्या बाजूला. हवा छान आहे. मात्र त्यांनी स्वतःहून विनंती केली तर बरं दिसेल, असं व्हीसी सर म्हणतात. संस्थापक दिन झाला की आम्ही बोलूच त्यांच्याशी.”

मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्याला रीत माहीत होती का? मला वाटत नाही. कुणी न शिकवता त्याला ती येत होती. विहिरीतलं पाणी पिऊनच माणसं तशी होत असावीत. पण विहीर तर त्यांनी केव्हाच बुजवली आहे, तिच्यावर आता जनरेटर आहे.

पारधेसाहेब खिडकीशी बसले होते. सरावासाठी त्यांनी कोट घातला होता आणि तो त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. मांडीवर मोठ्या अक्षरात छापलेला पाठ. त्यांना सांभाळणाऱ्या बाईनं दोन कप चहा आणून ठेवला आणि ती आत गेली.

“कोन आलं वं?” त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांनी रामटेक त्यांच्या तोंडात परत आलं होतं.

“तुमचा सराव घ्यायला आले, सर. गायकवाडबाबूंची मुलगी.”

“गायकवाडबाबू!” त्यांचा चेहरा उजळला. खरोखर उजळला, त्यात काही नाटक नव्हतं. “लय सुंदर वाचे तो माणूस. तसं वाचणारं मंग कोनी भेटलं नाही मले. चांगला होता बिचारा. पन तब्येत बिघडली त्याची, नाही का? एकाएकी सोडून गेला.”

मी चहाचा घोट घेतला. या क्षणासाठी मी किती वाक्यं पाठ केली होती आयुष्यभर. खापरखेड्याच्या राखेतून चालत शाळेत जाताना, बाबांच्या उशाशी बसताना. त्यांतलं एकही त्या माणसापाशी पोचणार नव्हतं. त्याला त्याचं खोटं केव्हाच खरं वाटायला लागलं होतं.

“हो,” मी म्हटलं. “तब्येत.”

त्यांनी वाचायला सुरुवात केली. आवाज फुटत होता, पण ढब तीच होती.

“हळू वाचा, सर. पूर्णविरामाला थांबा.”

ते थांबले. श्वास घेतला. पुन्हा वाचलं. शाळेतल्या मुलासारखे माझ्याकडे पाहत होते, बरोबर आलं का म्हणून. मी मान हलवत होते. दोन-तीन ओळी गेल्या आणि ते मधेच थांबले, जिथे पूर्णविराम नव्हता तिथे.

“बाई, हा पाठ पयला आहे का दुसरा?”

“दुसरा, सर.”

“पयला तर मी वाचतो.”

“पहिला आता व्हीसी सर वाचतात.”

त्यांनी कागद मांडीवर पालथा ठेवला. सगळं विसरलेला तो माणूस, नावं, तोंडं, साल, स्वतः लिहिलेली पत्रं, पण ही एक गोष्ट त्याच्या आत कुठेतरी तशीच बसून होती. ती आता हळूहळू उठून त्याच्या डोळ्यांत आली. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. चुन्याच्या रेघा त्यांना दिसत असतील की नाही, कोण जाणे.

“दुसरा काहून देऊन राहिले मले?” त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं थंड होती आणि अंगातलं सगळं बळ त्यांत आलं होतं. “तू गायकवाडची पोरगी ना? तुले माहीत आहे. खरं सांग. घर सोडा लागन का मले? कुठं जाऊ मी आता?”

मी सांगू शकले असते. आईनं बाबांना सांगितलं तेच. विनंतीअर्ज लिहू नका सर, हयातभराचा बंगला आहे, काढायचं असेल तर त्यांना काढू द्या, कागदावर, सही करून. तीन वाक्यं होती ती आणि ती तीन वाक्यं या कंपाउंडात आता मला एकटीलाच येत होती. दया यायला हवी होती म्हणतात. मी वाट पाहिली थोडी. आली नाही. आलं ते एक समाधान, गरम चहासारखं घशातून खाली उतरणारं, आणि ते मला आवडलं.

मनगट सोडवून घेऊन मी पिशवी उघडली. येताना घरून डबा घेतला होता. नाताळच्या करंज्या, माझ्या हातच्या, आईच्या पद्धतीनं केलेल्या. तळाच्या तेवढ्या उरल्या होत्या. झाकण काढल्याबरोबर खोबऱ्याचा वास खोलीभर पसरला.

“मानाचं काम आहे, सर,” मी म्हटलं, आणि बशी त्यांच्यापुढे सरकवली.